राहता कोणी नाही

त्या वर्षी तळ्याचं पाणी इतकं खाली गेलं की धक्क्याचे काठाकडचे लाकडी खांब बुडापर्यंत उघडे पडले, पाणी राहिलं ते टोकाला. पाणी आणि वाळू यांच्यामध्ये काळ्या चिखलाचा रुंद पट्टा निघाला. त्याला असा वास सुटला की सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन आलेली माणसं झोपाळ्यांपर्यंत यायची, नाकाला रुमाल लावायची आणि आल्या पावली परतायची. त्या चिखलात गुडघाभर रुतून शिट्टीमामा सकाळपासून पाणगवत उपटत होते. उपटलेलं गवत काठावर फेकायचं, वाळलं की हातगाडीवर घालून बांधापलीकडं नेऊन टाकायचं. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण तळं घाण दिसलं की मामांना आपणच तोंड न धुता चारचौघांत बसल्यासारखं वाटे.

मामा तसे कोणाचेच मामा नव्हते. गळ्यात कायम एक पितळी शिट्टी असायची, एखादं पोर खोल पाण्याकडं सरकलं की ती वाजायची, म्हणून ते शिट्टीमामा. त्यामुळं त्यांच्या बायकोला आपोआप मामी व्हावं लागलं. तळं पाणीखात्याचं, होड्या खात्याच्या, झोपाळे खात्याचे आणि मामाही, रोजंदारीवर का होईना, खात्याचेच. होडीघराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. फार वर्षांपूर्वी एक साहेब जाता जाता म्हणाले होते, "इथंच राहत जा रे, रात्री होड्या कोणीही सोडून नेतं." तेवढ्या एका वाक्यावर मामांनी संसार मांडला, लेक वाढवली, ती सासरी पाठवली आणि थकलेल्या आईला जवळ आणून ठेवलं. ते साहेब पुढं बदलून गेले, मग निवृत्त झाले, मग वारले. त्यांचं वाक्य तेवढं मामांच्या डोक्यात राहिलं, आणि डोक्यातलं वाक्य दुसऱ्याला दाखवता येत नाही, ही पंचाईत मामांना त्या दिवसापर्यंत कधी जाणवली नव्हती.

दुपारी साडू सायकलवरून आला. मामींच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पंचायतीत शिपाई. नात्यानं साडू, तरी सगळ्या गावासारखा तोही त्यांना मामाच म्हणे. सायकल झोपाळ्याला टेकवून तो काठावर येऊन उभा राहिला, पण चिखलाला बूट लागणार नाहीत इतक्या लांब.

"मामा, ऐकलंत का? तळं चाललं."

"पाणी रोजच चाललंय. त्यात नवीन काय?"

"पाणी नाही हो. अख्खं तळं. खातं हे सोडतंय. झोपाळे, होड्या, धक्का, सगळं आमच्या पंचायतीच्या ताब्यात येणार. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येणार. आमच्या अध्यक्षबाई पण. सगळीकडं फिरून बघायचं, लिहायचं, सह्या करायच्या. झालं."

मामा कंबर धरून सरळ झाले. हातातल्या गवताच्या मुळ्यांतून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"आणि मी?"

"तेच सांगायला आलो." साडूनं उगाच मागं-पुढं बघितलं. तिथं एक टिटवी सोडली तर ऐकायला कोणी नव्हतं. "तुम्ही होडीघरात राहता ते कोणी लिहून दिलंय?"

"त्या साहेबांनी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं!" साडू हसला. "मामा, नकाशात होडीघर म्हणजे होडीघर. त्यात होड्या. माणूस त्यात कुठंच नाही. साहेबांनी येऊन बघितलं, आत चूल, खाट, म्हातारी, तर काय म्हणतील? सरकारी जागा बळकावली म्हणतील. रोजंदारीही जाईल आणि घरही जाईल. जागा कशी पाहिजे? नकाशासारखी पाहिजे. कोरी."

साडूच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या मनात काळजी होती आणि डोक्यात अर्धी अक्कल होती. पूर्ण अक्कल असलेला माणूस 'मला माहीत नाही' म्हणतो आणि ज्याला अजिबात नसते तो गप्प बसतो. घोटाळे होतात ते या अर्ध्यावाल्यांमुळं.

मामा घरात आले तेव्हा मामी सासूचे पाय पुसत होत्या. म्हातारी पडल्यापासून कमरेखाली तिच्यात जोर नव्हता. खाट खिडकीला लावलेली. दिवसभर तिची नजर पाण्यावर. आठवणही आता चाळणीसारखी झाली होती, मोठं मोठं वर राहायचं, बारीक सगळं गळून जायचं. मामांनी ऐकलेलं सगळं सांगितलं. मामी फडकं पिळत राहिल्या.

"मग अध्यक्षबाईंना जाऊन विचारा की. आम्ही राहतो इथं, आमचं काय करणार म्हणून."

"विचारलं की उत्तर येणार."

"येऊ द्या. उत्तरासाठीच विचारतात ना?"

"आणि 'निघा' म्हणाल्या तर? आज त्यांना ठाऊक नाही तोवर आपण आहोत. तोंडानं सांगून टाकलं की मग लपायला जागा नाही."

"आपण काय चोर आहोत लपायला?"

इतकी वर्षं दुसऱ्याच्या जागेत राहिलेल्या माणसाला आपण चोर नाही हे स्वतःला पटवून देणं अवघड जातं. रात्री दिव्याची वात बारीक करायची, धुणं रस्त्याकडून दिसणार नाही असं मागच्या बाजूला वाळत घालायचं, पाहुणे आलेच तर सांजेला निरोप द्यायचा, ही सवय मामांच्या अंगात मुरलेली. सुट्टीचे लोक गेले की ते रोज संध्याकाळी लांब दात्याचं दंताळं घेऊन वाळू सारखी करत, जणू तिथं कोणी आलंच नव्हतं. आता तेच काम त्यांना घराच्या बाबतीत करायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं कामाला लागली. आधी खात्याचं. होड्या उपड्या करून मामांनी त्यांना डांबर लावलं, उन्हानं डांबर पातळ होऊन मनगटावर चिकटायचं आणि मग खरवडताना केसांसकट निघायचं. झोपाळ्यांच्या साखळ्या उतरवून घासल्या, तेल दिलं, परत चढवल्या. धक्क्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. मामी काठाला माजलेले बोरू विळ्यानं कापत होत्या. पात्यांनी त्यांच्या हाताला बारीक चिरा पडल्या, घामानं त्या चुरचुरायला लागल्या, तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी एक बाजू मोकळी केली. ऊन असं होतं की विळ्याची मूठसुद्धा तापायची.

मग घराचं. कुंपणावर चढलेला घेवडा मामांनी शेंगांसकट ओढून काढला. वांग्याची रोपं उपटली. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"उद्या-परवा तोडायला आली असती ती वांगी."

"नकाशात वांगी नाहीत."

"नकाशात भूक असते का बघा एकदा," मामी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

कोंबड्या बहिणीकडं पाठवल्या. भांडी, कपडे, पेटी हळूहळू होडीत घालून पलीकडच्या काठाला गेली. साडूचं घर तिथं पाण्यापासून थोड्या अंतरावर होतं आणि रस्त्यानं जायचं तर अख्ख्या तळ्याला वळसा पडायचा. भिंतीतले खिळे मामांनी एकेक करून उपसले, भोकं चुन्यानं बुजवली. चूल मातीची, मामींनी दर वर्षी लिंपून मोठी केलेली. ती पहारीनं फोडायची वेळ आली तेव्हा मामांनी मामींना पाणी आणायला पाठवलं. त्या परत आल्या तोवर तिथं मातीचा ढीग होता. मामींनी घागर खाली ठेवली, ढिगातलं एक ढेकूळ उचललं, परत ठेवलं आणि केरसुणी घेऊन ढीग भरायला लागल्या. त्या रडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

भिंतीचा धूर काही केल्या जाईना. मामांनी तो खरवडला, वरून चुन्याचा हात दिला, तरी सकाळी पिवळट डाग वर आलाच. दुसरा हात दिला, तिसरा दिला, तेव्हा कुठं डाग दबला. तरी आत शिरलं की माणसाच्या घराचा वास यायचा. फोडणीचा, तेलाचा, म्हाताऱ्या अंगाचा, कशाकशाचा. मामांनी मग डांबराची बादली त्या खोलीत उघडी ठेवली आणि खाट होती त्या जागी एक मोडकी होडी आणून टाकली. आता ते नुसतं होडीघर झालं. मामा दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. काम झकास झालं होतं.

राहिली म्हातारी. साडू म्हणाला, साहेब कदाचित तळ्याला फेरी मारतील, पलीकडंही येतील, तिला विचारलंच तर काय? खाट गेली तशी ती खाली गोधडीवर निजायची, तिच्या उशाशी मामा रोज बसू लागले.

"आई, कोणी विचारलं, आजी तुम्ही कुठं राहता, तर काय सांगायचं?"

"इथं."

"इथं नाही. 'पलीकडं राहते, पाणी बघायला आले' असं म्हणायचं."

"पाणी मी रोज बघते. त्याला यायचं कशाला?"

"तसं म्हणायचं फक्त."

"बरं."

"मग सांग बघू. कुठं राहता?"

"लेकाच्या घरी. हे काय, इथं." म्हातारी त्याच्याकडं काळजीनं बघायची. पोराला हल्ली काही आठवत नाही असं तिला वाटत असावं.

मामा चिडायचे, मग चिडलो म्हणून स्वतःवर चिडायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. मामी एकदा म्हणाल्या, "अहो, त्यांना खरंच धड आठवत नाही, त्यात तुम्ही आणखी खोटं कशाला कोंबताय?" पण मामांनी नेट सोडला नाही. जेवताना विचारायचे, अंग पुसताना विचारायचे, कूस बदलताना विचारायचे. म्हातारी एकदाही बरोबर बोलली नाही.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच मामांनी तिला पाठीवर घेतलं. वजन काहीच नव्हतं, पण सुटलेले पाय दोन्हीकडं लोंबत होते आणि चौकटीला लागत होते. पायरी उतरताना तिनं घाबरून मामांच्या गळ्यातली शिट्टी घट्ट धरली, दोरी गळ्याला आवळली. होडीत गोधडी अंथरून तिला टेकवून बसवलं.

"कुठं नेतोस रे मला?"

"इथंच. पलीकडं. दुपारी परत."

"मग नेतोस कशाला?"

मामींनी वल्हं घेतलं. ठरलं होतं असं की साहेब गेले की मामांनी एकदा लांब शिट्टी वाजवायची, मग मामींनी होडी घेऊन परत यायचं. होडी निघाली आणि मामांनी दंताळं उचललं. धक्क्यापासून दारापर्यंतच्या वाळूवर त्यांच्या एकट्याच्या पावलांचे खोल ठसे उमटले होते. तेही त्यांनी पुसून टाकले.

साहेब आले ते टोपी घालून, हातात नकाशा घेऊन. मागून अध्यक्षबाई. पलीकडच्या वाडीच्या, नव्यानंच निवडून आलेल्या, बोलायला कडक आणि चालताना धापा टाकणाऱ्या. त्यांच्या मागं साडू, हातात चहाची किटली आणि कपांची पिशवी. मामा सगळ्यांच्या पुढं चालत होते आणि दर चार पावलांवर मागं वळून बघत होते.

झोपाळे झाले. साहेबांनी साखळी ओढून बघितली, मान हलवली. धक्का झाला. होड्या झाल्या. साहेब म्हणाले, "छान ठेवलंय हो." मामांना एरवी केवढं वाटलं असतं. आता त्यांचे कान फक्त होडीघराच्या दाराकडं लागले होते.

दार उघडलं. डांबराचा वास भपकन बाहेर आला. साहेबांनी नाक दाबलं. अध्यक्षबाई मात्र आत गेल्या आणि चारी भिंती बघून बाहेर आल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"मामा, रात्रीचं इथं कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाई."

"म्हणजे तुम्ही असता ना? राखणीला?"

मामांनी साडूकडं बघितलं. साडूनं किटलीच्या आडून डोळे मिचकावले, म्हणजे सांभाळा.

"मी संध्याकाळी कुलूप लावून जातो."

"मी तर ऐकून होते, तुमचं बिऱ्हाड इथंच आहे. असलं तर सांगा. संकोच करू नका."

'संकोच करू नका' म्हटलं की गरीब माणूस जास्तच सावध होतो. हा सापळा आहे, मामांनी मनाशी म्हटलं. गोड बोलून पोटातलं काढतायत. ते ठासून बोलले, "लोक काय, काहीही बोलतात. बघा ना तुम्हीच. इथं माणूस राहील का? नकाशात आहे तसंच आहे सगळं."

अध्यक्षबाईंनी पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर साहेब वैतागले होते. "बाई, ते स्वतःच सांगतायत. आणखी काय पाहिजे?" त्यांनी होडीच्या पाठीवर कागद ठेवला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "राहता कोणी नाही." सही केली. अध्यक्षबाईंनी पेन घेतलं, क्षणभर हातात धरलं आणि सही केली. साडूनं कप मांडले. मामांना पाठीवरून पोतं उतरवल्यासारखं झालं. त्यांनी पहिला घोट घेतला तो गरम होता तरी गिळला.

"झालं मग," अध्यक्षबाई कपाकडं बघत म्हणाल्या. "आता ते ठेकेदार मोकळे. आमच्यातल्या काहींना तळं ठेक्यानंच द्यायचं होतं. होडीघराच्या जागी चहाचं दुकान काढणार म्हणे. माझा इलाज होता तो एकच होता, तोही गेला."

"कसला इलाज?" मामांनी विचारलं.

"जागेवर राहणारा राखणदार असला तर तो जागेबरोबर आमच्याकडं येतो. त्याची नोकरी कायम करावी लागते आणि खोली त्याच्याकडंच राहते. मग ठेका देता येत नाही. म्हणून तर निरोप पाठवला होता, मामांना म्हणावं घरच्यांसह हजर राहा. आला नाही का निरोप?"

सगळे साडूकडं बघायला लागले. साडूच्या हातातली किटली कलंडली आणि चहा त्याच्या बुटावर सांडला.

"मला वाटलं," तो पुटपुटला, "घरच्यांसह म्हणजे पकडायला बोलावतायत."

मामांनी कप वाळूत ठेवला. तो आडवा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण म्हण आठवण्याइतकं भान त्यांना नव्हतं.

"साहेब, मी राहतो इथं."

साहेब कागद घडी करत होते. "काय?"

"मी इथंच राहतो. बायको, आई, सगळे. या खोल्यांत. लेक इथंच वाढली माझी."

"आत्ताच तर म्हणालात कोणी राहत नाही."

"खोटं बोललो."

"मग आता खरं कशावरून?" साहेबांनी मामांना दारापर्यंत नेलं, आत बोट दाखवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "बरं, दाखवा. चूल कुठाय?"

"इथं होती. फोडली."

"झोपता कुठं?"

"इथं खाट होती."

"इथं होडी आहे. भिंतीला साधा खिळा नाही, मामा. धुराचा डाग नाही. घर असं असतं?"

मामा भिंतीशी गेले आणि नखानं चुना खरवडायला लागले. पहिला थर निघाला, खाली दुसरा पांढरा होता. तोही निघाला, खाली तिसरा. काम चोख करायची सवय नडली. त्यांच्या बोटांचं कातडं निघालं तरी भिंत पांढरीच.

"मला पटतंय त्यांचं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तुम्हाला पटून काय उपयोग, बाई? तुम्हाला ते हवंच आहे, तुमचे लोक उद्या तेच म्हणतील. कोणी तिसरा माणूस सांगणारा आहे का?"

मामांनी साडूकडं बघितलं. "भाऊ, सांग ना तू. तुझ्यासमोर आम्ही इथं राहिलो. जेवलास की तू इथं."

साडू कप गोळा करायला लागला. "मी नोकर माणूस, मामा," तो खाली बघूनच म्हणाला. "दोघांच्या सह्या झाल्यावर मी काय बोलू?"

तेव्हा मामांना आई आठवली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "थांबा साहेब. पाच मिनिटं थांबा. माझी आई येईल. ती सांगेल. तिला दुसरं काही बोलताच येत नाही." आणि धावत धक्क्याच्या टोकाला जाऊन त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि छातीत होता तेवढा सगळा दम तिच्यात घातला.

होडी निघाली ती पलीकडं ठिपक्याएवढी दिसली. पाणी उथळ, वल्ह्याला चिखल लागत होता, त्यामुळं मामींना सारखं थांबावं लागत होतं. साहेबांनी टोपी काढून वारा घेतला. अध्यक्षबाई झोपाळ्यावर बसल्या. मामा धक्क्यावर उभे राहून उगाचच हात हलवत होते, या, या, लवकर. अर्ध्यावर आल्यावर मामींना काठावरची माणसं दिसली आणि त्यांनी वल्हं थांबवलं. हे लोक गेले नाहीत, मग शिट्टी कशी वाजली? होडी जागच्या जागी फिरायला लागली. "ये गं, ये," मामा ओरडले, "खरं सांगायचंय, ये."

होडी धक्क्याला लागली तेव्हा मामी घामानं निथळत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या रक्ताळलेल्या बोटांकडं बघितलं आणि त्यांना निम्मं कळलं.

"बाई, कुठं राहता तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

मामींनी मामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली.

"इथंच राहतो. आज नाही, कितीतरी वर्षं."

"बरं. नवऱ्यानं मान हलवली, तुम्ही बोललात." साहेब धक्क्यावर गुडघे टेकून वाकले. माणूस तसा वाईट नव्हता, आवाजही त्यांनी मऊ केला. "आजीबाईंना विचारू. म्हातारं माणूस उगाच खोटं बोलत नाही. त्या म्हणाल्या इथं राहते, तर मी लिहिलेलं खोडतो. आजी, तुम्ही कुठं राहता?"

म्हातारी गोधडीत टेकून बसली होती. तिनं साहेबांकडं बघितलं, मग मामांकडं. मामा वाकून तिच्या तोंडाकडं बघत होते. इतक्या दिवसांत तिनं त्यांना असंच वाकलेलं, असंच घाबरलेलं बघितलं होतं, आणि हा घाबरलेला चेहरा आपल्याकडून काहीतरी मागतो आहे एवढं तिच्या त्या चाळणीत कुठंतरी राहिलं होतं. तिनं ओठ ओले केले.

"मी होय?" ती स्पष्ट म्हणाली. "मी पलीकडं राहते. पाणी बघायला आले."

"आई," मामा म्हणाले. "आई, नाही. खरं सांग. तू इथं राहतेस. लेकाच्या घरी."

"नाही बाबा." म्हातारीनं साहेबांकडं बघून मान हलवली. "पलीकडं."

साहेब उठले, गुडघ्यांची वाळू झटकली. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "मामा, उद्या कचेरीत या. बघू काही होतं का." पण त्या बोलताना मामांकडं बघत नव्हत्या. साहेबांनी होडीघराची किल्ली मागितली. मामांनी ती कमरेची सोडून दिली, साहेबांनी ती अध्यक्षबाईंना दिली, अध्यक्षबाईंनी साडूला. साडूनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि ते ओढून बघितलं, कारण तसं करायची पद्धत असते. साहेबांची गाडी गेली. तिच्यामागून साडू सायकल हातात धरून चालत गेला. सायकलवर बसायचं त्याच्यानं झालं नाही.

मामी धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. मामा होडीत उतरले.

म्हातारीनं त्यांच्या हाताला धरलं. तिचा चेहरा खुलला होता, कितीतरी दिवसांत नव्हता इतका.

"बरोबर म्हटलं ना मी?"

मामीच म्हणाल्या, "हो आई. अगदी बरोबर म्हटलंत."

"बघा. तुम्हाला वाटत होतं मला जमायचं नाही."

मामी खाली उतरून दुसऱ्या बाजूला बसल्या. मामांनी दोरी सोडली आणि वल्ह्यानं धक्क्याला रेटा दिला. होडी मागं सरली, मग वळली.

म्हातारी मान वळवून मागं बघायला लागली. "अरे, कुठं चाललास?" ती म्हणाली. "घर इकडं राहिलं."